तो दात कोकणच्या दगडातला नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर गेल्या आठवड्यात किनाऱ्यावर ‘कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या महाकाय शार्कचा दात’ सापडल्याची बातमी फोटोसह आली. दोन दिवसांत ती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली आणि रविवारी पर्यटकांची पोरं चाळण्या घेऊन वाळूत बसलेली दिसली. पोरांच्या हौसेला माझी हरकत नाही. पण त्याच किनाऱ्यावरच्या एका टपरीवर काळ्या दोऱ्यात ओवलेले दात ‘इथलेच, मेगॅलोडॉनचे’ (म्हणजे त्या नामशेष महाकाय शार्कचे) म्हणून विकताना पाहिले, तेव्हा हे पत्र लिहायला घेतलं.

मी जहाजावर सेलर म्हणून लागलो आणि सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, म्हणून निवृत्त झालो. बरीचशी नोकरी बल्क कॅरिअरवर, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या जहाजांवर झाली. मोरोक्कोतल्या कॅसाब्लांकाहून खताच्या कारखान्यांसाठी फॉस्फेटचा खडक भरून आणायचो. माल उतरला की होल्ड, म्हणजे जहाजाच्या पोटातली मालाची कोठी, झाडायचं काम डेकवाल्यांचं, म्हणजे आमचं. त्या पिवळट भुकटीत झाडूला मध्येच काहीतरी टणक लागायचं. उचलून पुसलं की टोकदार, चकचकीत, मधाच्या रंगाचा दात! मुशीचा, म्हणजे शार्कचा, दात कोकणातल्या माणसाला ओळखायला शिकवावं लागत नाही, फक्त तो दगडाच्या राशीत कसा आला हे कोडं. ते आमच्या चीफ मेटने सोडवलं. खूरीबगा भागातल्या खाणींचा हा खडक म्हणजे साधारण सात ते साडेचार कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा तळ. त्यात मुशींच्या दातांचा खच पडलेला आहे.

ते दात आजही माझ्याकडे एका बरणीत आहेत. टपरीवरचे दात मी मुद्दाम हातात घेऊन पाहिले. तोच रंग, तीच जाड दुबेळकी मुळं. मोरोक्कोत हे इतके निघतात की घाऊक बाजारात विकले जातात. सुटा दात वाळू आणि गोंदाच्या गोळ्यात बसवून ‘अस्सल खडकातला’ म्हणून खपवणं हा तिकडचा नेहमीचा उद्योग आहे, आणि तसेही दोन नग टपरीवर होते. टपरीवाल्याला मी दोष देत नाही. माल देणाऱ्याने सांगितलं तेच तो पुढे सांगतो आहे.

आता आपल्या दगडाविषयी. कोकणातला काळा कातळ हा लाव्हा थिजून झालेला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. सड्यावरचा जांभा बहुतांशी त्याच कातळाची झीज होऊन तयार झाला. लाव्हात मुशी पोहत नाही, त्यामुळे विहीर खणताना किंवा चिऱ्याच्या खाणीत तिचा दात मिळेल ही आशा सोडावी. किनाऱ्यावर आपण ज्याला करल म्हणतो त्यात शंखशिंपले असतात खरे, पण तो दगड भूशास्त्राच्या हिशेबाने कालपरवाचा. जुना समुद्र इथे नव्हताच असंही नाही. १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल लागलं ते मायोसीन काळातल्या (साधारण सव्वादोन कोटी ते पन्नास लाख वर्षांपूर्वीच्या) चुनखडकात, आणि तो खडक समुद्रातच तयार झालेला. मात्र तो किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरहून लांब आणि समुद्रतळाच्याही खाली किलोमीटरभरापेक्षा खोल आहे. प्लास्टिकच्या चाळणीचं ते काम नव्हे.

मग फोटोतला दात कोणाचा? फोटोवरून जात सांगण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. पण तो पांढराशुभ्र आहे, आणि गाळात लाखो वर्षं मुरलेला दात सहसा असा राहत नाही. त्या गाळातली खनिजं दातात उतरतात आणि तो काळा, राखाडी, तपकिरी किंवा पिवळा होतो. ‘कडेला करवतीसारखे दाते आहेत म्हणजे मेगॅलोडॉन’ हे बातमीतलं वाक्यही टिकत नाही. आजच्या कितीतरी मुशींच्या दातांना तशीच कड असते. मेगॅलोडॉन सुमारे छत्तीस लाख वर्षांपूर्वी संपला. त्याचे मोठे दात तळहात झाकतील एवढे, फोटोतला दात शेजारच्या एक रुपयाच्या नाण्याएवढा.

मुशीचे दात जगभर एवढे का सापडतात, याचं उत्तर आपल्या ताटातच आहे. मोरीचं, म्हणजे खायच्या लहान मुशीचं, कालवण पोरांना का आवडतं? काटे नसतात! तिचा सांगाडा कूर्चेचा, तो कुजून जातो. दात मात्र टणक, शिवाय जन्मभर पडतात आणि मागच्या ओळीतले पुढे येतात. एकेक मुशी आयुष्यात हजारो दात टाकते.

बंकरिंगसाठी, म्हणजे जहाजात इंधन भरायला, माल्टाला थांबलो असताना तिथल्या एका दुकानदाराने सांगितलं होतं की पूर्वी युरोपात हे दगड सापाच्या जिभा समजून विषावर उतारा म्हणून जवळ बाळगत. पुढे वाचनात आलं की १६६६ मध्ये लिव्होर्नोजवळ पकडलेल्या मोठ्या मुशीचं डोकं फ्लॉरेन्सला स्टेनो नावाच्या डॅनिश वैद्याकडे पाठवलं गेलं. त्याने त्यातले दात आणि त्या ‘जिभा’ ताडून पाहिल्या आणि दोन्ही एकच असल्याचं मांडलं. आपली टपरी अजून त्याच्या आधीच्या काळात आहे, कारण तिथे हे दात नजर लागू नये म्हणूनही विकतात.

ज्यांना खरे जीवाश्म दात पाहायचे आहेत त्यांच्यासाठी आपल्या देशात ठिकाणं आहेत. कच्छ आहे, ओडिशातल्या बारीपदाचे मायोसीन थर आहेत. जैसलमेर भागातल्या ज्युरासिक खडकांतून दातांवरूनच ओळखलेली स्ट्रोफोडस जैसलमेरेन्सिस ही मुशीची नवी जात २०२१ मध्ये जाहीर झाली. अशा दाताचं मोल तो कुठल्या थरातून निघाला यावर ठरतं. होल्डमधल्या केराला थर नसतो, म्हणून माझी बरणी फक्त दाखवण्यापुरती.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. बातमीचा खुलासा त्याच पानावर छापावा. आणि ज्यांना तो दात मिळाला त्यांना विचारावं की तो भरतीच्या रेषेवर मिळाला, खाडीच्या गाळात, की जाळी झाडतात त्या जागेवर. तिसरं उत्तर आलं तर मला आश्चर्य वाटणार नाही. त्यांची तयारी असेल तर मी बरणी घेऊन आपल्या कार्यालयात येतो, दोन्ही दात शेजारी ठेवून पुन्हा फोटो काढू.

आपला,
एक निवृत्त सारंग, ता. गुहागर