टर्नटेबलच्या सदोष पॅकिंगबाबत आणि ‘आवाज येतो ना, सर?’ या प्रश्नाबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: ऑनलाइन खरेदी केलेला टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवण्याचे यंत्र) सदोष पॅकिंगमुळे नादुरुस्त अवस्थेत मिळाल्याबाबत आणि त्याविषयीची तक्रार परस्पर बंद केल्याबाबत.

महोदय,

आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी आज झालेले संभाषण हे माझ्याकडून शेवटचे होते, म्हणून यापुढचे सर्व लेखी असावे या हेतूने हे पत्र लिहीत आहे. टर्नटेबल कसा चालतो हे आपल्याला सांगण्याची गरज नसावी, कारण तो आपणच बनवता. आपल्या वतीने फोन उचलणाऱ्यांना मात्र ते कोणी सांगितलेले दिसत नाही, आणि ते काम माझ्याकडून फुकटात करून घेण्याचा प्रयत्न आता थांबावा, अशी विनंती आहे.

खोके माझ्या हाती आले तेव्हा बाहेरून धड होते. एक कोपरा किंचित दबलेला, बाकी पुठ्ठा शाबूत, आणि चारही बाजूंना काचेच्या पेल्याचे चित्र ठळक छापलेले. आत प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची फिरती तबकडी, मधल्या खुंटीवर, म्हणजे स्पिंडलवर, चढवलेलाच होता. सुई धरणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे टोनआर्मच्या, मागच्या टोकाला त्याचा तोल साधणारे काउंटरवेट बसवलेलेच होते. टोनआर्म अडकवून ठेवणारी चाप उघडी होती आणि तो बांधण्यासाठी तारेचा साधा तुकडाही वापरलेला नव्हता. सुईवरची प्लॅस्टिकची टोपी थर्माकोलच्या खाचेत वेगळीच पडलेली सापडली. डस्ट कव्हरची डावी बिजागरी मुळापासून तुटून आतच खुळखुळत होती. या साऱ्यात एकच वस्तू अत्यंत काळजीपूर्वक गुंडाळलेली होती, ती म्हणजे रबरी बेल्ट. दहाव्या मजल्यावरून टाकला तरी ज्याला काहीही होणार नाही, त्या बेल्टला आपण दुहेरी पिशवी, पुठ्ठ्याची पट्टी आणि ‘काळजीपूर्वक हाताळा’ अशी स्वतंत्र चिठ्ठी दिली आहे, याबद्दल पॅकिंग विभागाचे अभिनंदन.

आता नुकसान पाहू. हे सर्व मी छायाचित्रे आणि चित्रफितींसह आधीच कळवले आहे, पण ती कोणी उघडून पाहिल्याचे दिसत नाही. भिंगातून समोरून पाहिले असता कार्ट्रिजचा कँटिलिव्हर (सुई ज्याच्या टोकाला असते ती बारीक दांडी) सरळ नसून एका बाजूला झुकलेला दिसतो आणि प्लॅटरच्या कडेवर नेमक्या त्याच उंचीला एक ताजा ओरखडा आहे. मोकळा सुटलेला टोनआर्म वाटेत हेलकावे खात तिथे आपटत आला, हे समजायला तंत्रज्ञ असण्याची गरज नाही. रिकामा प्लॅटर, म्हणजे वर रेकॉर्ड न ठेवता, फिरवून शेजारी मोजपट्टी उभी धरली की त्याची कड दर फेरीला जवळपास तीन मिलिमीटर वरखाली होते. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या वेगाला एक फेरी 1.8 सेकंदांची होते, आणि लांबवलेला प्रत्येक सूर बरोबर तेवढ्याच अंतराने डळमळतो. पियानोच्या रेकॉर्डवर ते लहान मुलालाही कळेल. टोनआर्म शून्यावर तोलला तर तो अधांतरी तरंगायला हवा, पण आतल्या बाजूला येताना तो दर वेळी एकाच जागी अडखळतो आणि बोटाला तिथे बारीक खरखर जाणवते. काउंटरवेटचा सगळा भार टोनआर्मच्या सांध्यातल्या बेअरिंगवर ठेवून खोके आदळले की गोळ्यांचे खड्डे त्यांच्या मार्गात उमटतात आणि मग कोणतेही तेल त्यावर उपाय ठरत नाही, हे आपल्या कारखान्यात तरी कोणाला तरी माहीत असेलच.

माझी मुख्य तक्रार कुरिअरविरुद्ध नाही, ती आपल्याविरुद्ध आहे, हे मी प्रत्येक फोनवर सांगितले आणि प्रत्येक वेळी ‘वाहतुकीतील नुकसान’ असेच नोंदवले गेले. पार्सल आपटते. ते आपटणार हे गृहीत धरूनच पॅकिंग करायचे असते. इंटरनॅशनल सेफ ट्रान्झिट असोसिएशनच्या 1ए या अगदी प्राथमिक चाचणीतसुद्धा 10 किलोपेक्षा हलके खोके 76 सेंटिमीटर उंचीवरून दहा वेळा पाडतात: एकदा कोपऱ्यावर, तीन वेळा कडांवर आणि मग सहाही बाजूंवर. आपले खोके याच वजनाच्या गटातले आहे. पेल्याचे चित्र हा खोके हाताळणाऱ्याला दिलेला इशारा असतो, त्याने धक्का शोषला जात नाही. शिवाय कुरिअरची निवड आपण केली, करार आपण केला आणि पैसेही आपणच चुकते केले. त्यांच्याशी परस्पर बोलून घ्या, हा आपला सल्ला मी कोणत्या नात्याने अमलात आणायचा?

याहून गंभीर बाब आपल्याच माहितीपुस्तिकेत आहे. ‘उपकरण अन्यत्र हलवताना’ या प्रकरणात ग्राहकाने प्लॅटर उतरवून वेगळा गुंडाळावा, काउंटरवेट काढावे, सुईवर टोपी बसवावी आणि टोनआर्म त्याच्या टेकूला बांधावा, असे स्पष्ट लिहिले आहे. पुढे ठळक अक्षरांत असेही बजावले आहे की या सूचना न पाळल्यास होणाऱ्या नुकसानीला कंपनी जबाबदार राहणार नाही. या चारपैकी एकही सूचना आपण स्वतः पाळलेली नाही. तेव्हा जबाबदार कोण, एवढेच आपण मला आपल्याच भाषेत सांगावे.

आता आजच्या संभाषणाविषयी. ते मी जसेच्या तसे देत आहे. आपल्याकडे ध्वनिमुद्रण असेल, कारण ‘सेवेचा दर्जा सुधारण्यासाठी’ ते केले जाते असे मला प्रत्येक फोनच्या सुरुवातीला ऐकवण्यात आले आहे.

बराच वेळ संगीत ऐकवल्यानंतर प्रतिनिधीने विचारले, “सर, रेकॉर्ड लावल्यावर आवाज येतो का?” मी म्हणालो, “येतो, पण...” “म्हणजे प्रॉडक्ट चालू आहे, सर.” सुई वाकडी असल्याने एका बाजूचा आवाज क्षीण आणि फाटका येतो, असे मी सांगितले. यावर त्यांनी मला थांबायला सांगितले, कोणाला तरी विचारले आणि परत येऊन सुचवले, “सर, त्या बाजूच्या स्पीकरचा आवाज वाढवून बघा ना.” मी विषय बदलून प्लॅटरकडे वळलो आणि म्हणालो, “प्लॅटर डोलतो आहे.” उत्तर आले, “सर, टर्नटेबलमध्ये प्लॅटर फिरतोच.” फिरणे वेगळे आणि डोलणे वेगळे, हे मी शक्य तितक्या शांतपणे समजावले. तेव्हा आवाजातला दोष दिसेल असा फोटो पाठवण्यास मला सांगण्यात आले. आवाजातला दोष दिसेल असा फोटो. मी तो कसा काढावा, याचे मार्गदर्शन कृपया आपण स्वतः करावे.

त्यानंतर मी वरिष्ठांशी बोलण्याचा आग्रह धरला. वरिष्ठांचे मत असे पडले की सुई हा ‘झिजणारा भाग’ असल्याने वॉरंटीत येत नाही. झिजण्यासाठी आधी वाजावे लागते, महोदय. जी सुई माझ्या हाती येण्यापूर्वीच वाकली, ती झिजली कुठे? खोके उघडतानाची चित्रफीत सलग आणि अखंड आहे, हे त्यांनी मान्य केले, पण तिच्यात सुईचे टोक स्पष्ट दिसत नाही असा आक्षेप घेतला. लंबवर्तुळाकार सुईच्या टोकाची नेहमीची मापे साधारण 8 आणि 18 मायक्रॉन असतात. ते टोक खोके उघडताना मोबाइलमध्ये टिपता आले असते, तर मी आपला ग्राहक नसतो, सूक्ष्मदर्शक विकत असतो. शेवटी त्यांनी विचारले, “आणखी काही मदत करू शकतो का, सर?” मी फोन ठेवतो न ठेवतो तोच संदेश आला: ‘आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे. कृपया सेवेला गुण द्या.’

‘आवाज येतो ना’ या प्रश्नाची चीड येण्याचे कारण केवळ त्यातला अडाणीपणा नाही. स्टिरिओ रेकॉर्डच्या खाचेच्या एका भिंतीवर डावा आणि दुसऱ्या भिंतीवर उजवा आवाज कोरलेला असतो. सुई वाकडी असेल तर ती एका भिंतीवर जास्त घासते, आणि त्या भिंतीवरचा तपशील एकदा खरवडला गेला की तो परत येत नाही. म्हणजे आपला प्रतिनिधी मला वाजवून बघा, आणखी एक रेकॉर्ड लावून बघा, असे जे पुन्हा पुन्हा सांगत होता, ते माझ्याच रेकॉर्डी माझ्याच हाताने खराब करण्याचे आमंत्रण होते. आवाज येतो, महोदय. काच फुटतानाही आवाज येतो.

यावर कडी म्हणजे परतीची अट. उपकरण ‘मूळ पॅकिंगमध्ये, ज्या अवस्थेत मिळाले त्याच अवस्थेत’ परत पाठवावे, असे आपल्या मेलमध्ये म्हटले आहे. ज्या अवस्थेत मिळाले त्या अवस्थेत म्हणजे प्लॅटर स्पिंडलवर, काउंटरवेट टोनआर्मवर आणि टोनआर्म मोकळा. तसे पाठवले तर उरलेसुरले बेअरिंगही वाटेत निकामी होईल आणि माहितीपुस्तिकेतील सूचना न पाळल्याबद्दल आपण मलाच जबाबदार धराल. सूचना पाळून सुटे करून पाठवले, तर ग्राहकाने उपकरण खोलल्याचा शेरा मारून वॉरंटी रद्द कराल. थर्माकोलच्या साच्यात सुटा प्लॅटर ठेवण्यासाठी जागाच नाही, यावरून पॅकिंगची ही चूक एखाद्या कामगाराची नसून आराखड्यातच आहे, असे मला वाटते. तसे असेल तर आपल्या गोदामातला प्रत्येक टर्नटेबल असाच निघत असणार, आणि घेणाऱ्यांपैकी अनेकजण डळमळणाऱ्या सुरांचा दोष आपल्या जुन्या रेकॉर्डींना देत बसले असतील.

आपल्याच कंपनीचा अ‍ॅम्प्लिफायर मी पूर्वी घेतला होता. तो खोक्यात खोके, मध्ये चहूबाजूंनी फोम आणि ट्रान्सफॉर्मरखाली वेगळा आधार, अशा रीतीने आला होता आणि आजही विनातक्रार चालतो. केवळ त्या अनुभवावर विसंबून मी हा टर्नटेबल घेतला. तेव्हा पॅकिंग करणारा माणूस बदलला, की त्याला फोम देणे परवडेनासे झाले, हे जाणून घ्यायला मला आवडेल, पण ते या तक्रारीच्या निकालासाठी आवश्यक नाही.

आवश्यक आहे ते असे. बंद केलेली तक्रार पुन्हा उघडून तिची नोंद ‘पॅकिंगमधील दोष’ अशी करावी. नवा टर्नटेबल आपल्याच पुस्तिकेनुसार सुटा करून, दुहेरी खोक्यात पाठवावा. डागडुजी केलेला किंवा दुसऱ्या ग्राहकाकडून परत आलेला मी स्वीकारणार नाही. सध्याचा टर्नटेबल आपल्या खर्चाने न्यावा, आणि नेण्यापूर्वी तो कोणत्या अवस्थेत बांधून द्यायचा हे मला लेखी कळवावे. हे उत्तर तोंडी चालणार नाही. नवा टर्नटेबल देणे शक्य नसेल तर संपूर्ण रक्कम, पाठवणीच्या आकारासह, परत करावी. सुई बदलून देण्याचा जो प्रस्ताव वरिष्ठांनी ‘सदिच्छा म्हणून’ मांडला, तो मी नाकारत आहे, कारण डोलणाऱ्या प्लॅटरवर आणि अडखळणाऱ्या टोनआर्मवर नवी सुई बसवणे म्हणजे तीही वाया घालवणे आहे.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत निर्णय घेऊ शकणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीचे उत्तर न आल्यास मी बँकेकडे या व्यवहाराविरुद्ध हरकत नोंदवीन आणि ग्राहक न्यायालयात दावा दाखल करीन. पुरावा म्हणून तिथे छायाचित्रे, सलग चित्रफीत आणि आपली माहितीपुस्तिका सादर केली जाईल, त्यातले ते ठळक अक्षरांतले वाक्य अधोरेखित करून. उत्तर फोनवर देऊ नये. मी तो उचलणार नाही.

आपला,
एक ग्राहक
(ऑर्डर आणि तक्रार क्रमांक पाकिटावर नमूद केले आहेत.)