विमानाचं तिकीट उंबऱ्यापासून मोजा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी आपल्या पुरवणीत स्वस्त विमान तिकिटांवर लेख आला होता. मंगळवारी रात्री बारानंतर बुक करा, इनकॉग्निटो विंडो (ब्राउझरची खासगी खिडकी) उघडून बघा म्हणजे आपण आधी भाव बघितला होता हे कंपनीला कळत नाही, वगैरे. तो वाचून आमच्या वाडीतल्या तिघांचे मला फोन आले की खरंच मंगळवारपर्यंत थांबायचं का. त्यातली एक थांबली आणि तिला तेच तिकीट अकराशे रुपयांनी महाग पडलं, म्हणून हे पत्र लिहायला बसले. माझा ट्रॅव्हलचा धंदा नाही, कमिशनही मिळत नाही, पण गेली सात-आठ वर्षं "बाय, माझ्या झिलाचा तिकीट जरा बग गो" म्हणून संध्याकाळी कोणीतरी दारात उभं असतंच, आणि बघून बघून जे कळलं ते सांगावंसं वाटतं, कारण आपल्या लोकांचे कष्टाचे पैसे उगाच जातात ते मला बघवत नाही.

आधी हे मंगळवारचं खूळ डोक्यातून काढा. एका विमानातल्या सगळ्या सीटा एका भावाच्या नसतातच. कंपनीने त्यांचे गट पाडलेले असतात, प्रत्येक गटाला एक इंग्रजी अक्षर असतं, ई-तिकिटावर बारीक अक्षरात 'क्लास' म्हणून ते बऱ्याचदा छापलेलंही असतं. सगळ्यात स्वस्त गटात समजा सहा सीटा आहेत, त्या संपल्या की पुढचा महाग गट उघडतो, तो संपला की त्याच्या पुढचा. तुम्ही दुपारी बघितलं तेव्हा 4,200 होते आणि रात्री 4,900 झाले ते तुम्ही दोनदा बघितलं म्हणून नाही, मधल्या वेळात कोणीतरी त्या सीटा घेतल्या किंवा कंपनीने गट पुढेमागे केला म्हणून. उलटंही होतं, कोणी रद्द केलं किंवा कोणाचं पेमेंट अडकून बुकिंग सुटलं की स्वस्त सीट परत दिसायला लागते. त्यामुळे वाराची वाट बघण्यापेक्षा गूगल फ्लाइट्सवर तारखांचा तक्ता उघडून आगेमागे दिवस बघा आणि भावाचा अलर्ट लावून ठेवा, भाव हलला की मेल येतो.

यातूनच निघालेली एक गोष्ट, जी मला स्वतःला फार उशिरा कळली. मागच्या गणपतीला भावाचं कुटुंब बंगलोरहून यायचं होतं, चार माणसं. मी चार प्रवासी टाकून बघितलं तर माणशी 6,450. सहज म्हणून प्रवासी एक केला तर त्याच विमानाला 5,200! आधी वाटलं साईटचं काहीतरी चुकतंय. मग दोन केले, तरी 5,200. तीन केल्याबरोबर तिघांनाही 6,450. म्हणजे स्वस्त गटात दोनच सीटा उरल्या होत्या, आणि एका बुकिंगमध्ये चार माणसं टाकली की चौघांनाही ज्या गटात एकत्र जागा आहे त्याचा भाव लागतो. मग दोघांचं वेगळं आणि दोघांचं वेगळं असं काढलं, 25,800 च्या जागी 23,300 मध्ये काम झालं, पूर्ण अडीच हजार वाचले आणि कुठलंही कूपन लागलं नाही. फक्त असं केलं की पीएनआर दोन होतात, विमान रद्द झालं तर दोन्ही जोड्यांना वेगवेगळ्या विमानात टाकू शकतात, म्हणून प्रत्येक पीएनआरमध्ये एक मोठं माणूस आणि एक पोर असं ठेवलं. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याला एकटं तोडू नका.

आता आपल्या कोकणचं. पुण्याच्या माणसाला विमानतळ निवडायचा प्रश्न फारसा पडत नाही, आपल्याला पडतो. कुडाळच्या माणसाला आपल्या सिंधुदुर्गातलं चिपी आहे, गोव्यातलं मोपा आहे, दाबोळी आहे, घाट चढून गेलं तर कोल्हापूर आहे. आणि तिकिटाचा भाव हा विमानतळापासून विमानतळापर्यंतचा असतो, आपल्या घरापासूनचा नसतो, इथेच सगळं गणित चुकतं. भावाच्याच मे महिन्यातल्या फेरीचा हिशोब सांगते. मोप्याचं तिकीट 4,100 आणि चिपीचं 5,000, सगळे म्हणाले मोपा घ्या, नऊशे रुपये वाचतात. पण मोप्याहून घरी यायला गाडी अडीच हजार आणि चिपीहून रिक्षा-गाडी आठशे. एकटा भाऊ येणार असेल तर मोप्याने 6,600 होतात आणि चिपीने 5,800, म्हणजे महाग तिकीटच स्वस्त पडलं. चौघं येणार असतील तर मोप्याने 18,900 आणि चिपीने 20,800, गाडीचं भाडं चौघांत वाटलं गेलं ना. विमानं तीच, भाव तेच, नुसती माणसं वाढली की उत्तर उलटं झालं. आता कोणीही तिकीट बघायला आलं की मी पहिलं विचारते माणसं किती आणि न्यायला कोण येणार.

गोव्याचं तर नीट बघूनच काढा. मोपा जानेवारी 2023 पासून चालू झालं तेव्हापासून गोव्याला दोन विमानतळ आहेत, आणि तिकिटावर दोन्हीकडे 'गोवा' लिहिलेलं असतं. जीओएक्स म्हणजे मोपा, पेडणे तालुक्यातलं, आपल्या बांद्याच्या जवळ. जीओआय म्हणजे दाबोळी, पार वास्कोकडे. शेवटचं एक अक्षर बदललं की मांडवी आणि झुआरी दोन्ही ओलांडून जायला लागतं. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ पहाटे मोप्याच्या गेटवर पोचले आणि तिकीट होतं दाबोळीचं, विमान गेलंच, आणि त्यात वाचवलेले होते साडेतीनशे रुपये.

वर चिपळूण, खेड, महाडकडच्या वाचकांसाठीही. आता 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचं विमानतळ चालू झालंय, त्याचा कोड एनएमआय. तुमची गाडी पनवेलला थांबते, तिथून ते जवळ. मग सामान घेऊन अंधेरीपर्यंत कशाला जायचं? सर्च करताना नुसतं 'मुंबई' टाकून पहिलं दिसेल ते घेऊ नका, कुठलं मुंबई ते बघा. आखातात पोरं असलेल्या घरांनी तर जास्तच बघायला हवं. इथून मुंबईचं तिकीट वेगळं आणि मुंबईहून दुबई-कुवेतचं वेगळं असं जोडून स्वस्त पडतं खरं, पण पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं तर ती जबाबदारी कोणाचीच नसते, आणि पावसात आपल्याकडचं विमान उशिरा येणं काही नवीन नाही. एका तिकिटावर दोन्ही असतील तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. जून ते सप्टेंबर वेगवेगळं काढायचं असेल तर मी तरी मध्ये एक रात्र सोडायला सांगते, नाहीतर सरळ रेल्वेने मुंबई गाठा. आणि आखाताचं जाऊन-येऊन तिकीट एकत्र बऱ्याचदा दोन सुट्यांपेक्षा स्वस्त असतं, देशातल्या देशात तसं सहसा नसतं, इथे येताना मोपा आणि जाताना कोल्हापूर, दोन वेगळ्या कंपन्या, असं बिनधास्त करता येतं.

गणपतीचं बोलते. रेल्वेचं बुकिंग आता साठ दिवस आधी उघडतं, पहिल्या काही मिनिटांत वेटिंग लागतं, आणि मग तिथे हरलेला चाकरमानी विमानाकडे वळतो, म्हणजे आपण सगळे एकाच आठवड्यात विमानाचे भाव वर ढकलतो. अहो, चतुर्थी काही अचानक येत नाही! 2025 ला 27 ऑगस्टला होती, 2026 ला 14 सप्टेंबरला आहे, तारीख वर्षभर आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात असते. मोठ्या मार्गांचं तिकीट बरेच महिने आधी मिळतं, तेव्हा रेल्वेची वाट न बघता आधी विमानाचा भाव बघून ठेवा. चिपीसारख्या छोट्या विमानतळाचं मात्र उलटं, तिथली वेळापत्रकं उशिरा टाकतात, मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर उन्हाळी आणि मग हिवाळी असं ते बदलतं, त्यामुळे सहा महिने आधी विमान दिसलं नाही म्हणून सेवा बंद झाली असं समजू नका, पण दिसलं त्या दिवशी लगेच बघा. आणि जमत असेल तर आईवडिलांना गणपतीनंतर मुंबईला न्या, पण पाच-सात दिवस थांबून, परतीची गर्दी ओसरली की भाव उतरतो.

अजूनही लोक मला विचारतात की ते अडीच हजारवालं चिपीचं तिकीट कुठे गेलं. ते छोट्या विमानतळांसाठीच्या सरकारी उडान योजनेतलं होतं. 9 ऑक्टोबर 2021 ला चिपी सुरू झालं तेव्हा ठराविक सीटांचा भाव बांधलेला होता आणि त्याचा तोटा सरकार भरून देत होतं, पण ती मदत एका मार्गाला तीनच वर्षांपुरती होती. तो भाव धरून बसलात तर प्रत्येक तिकीट लुटीचंच वाटेल.

खरी लूट दुसरीकडे आहे. पहिल्या पानावर 4,100 दिसतं आणि पैसे भरायच्या पानावर 4,900 होतं. मध्ये सीट निवडा, विमा घ्या, लवकर चढा, आणि सगळ्यात शेवटी कन्व्हिनियन्स फी, माणशी आणि प्रत्येक बाजूची वेगळी, साडेतीनशे धरा, चौघं जाऊन-येऊन म्हणजे आठ वेळा, 2,800 रुपये कशाचे तर आपणच आपल्या मोबाईलवर बटण दाबल्याचे. केंद्र सरकारने नोव्हेंबर 2023 मध्ये डार्क पॅटर्न्सवर, म्हणजे साईटवर ग्राहकाला फसवायच्या युक्त्यांवर, मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, न विचारता टोपलीत वस्तू टाकणं आणि भाव थोडा थोडा करून वाढवणं हे दोन्ही त्यात चुकीचं धरलंय. तरी विम्याची खूण आधीच केलेली दिसली तर काढा, स्क्रीनशॉट घ्या आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनला कळवा. सीट निवडायचे पैसे न भरताही सीट मिळतेच, वेब चेक-इनला फुकटची सीट शोधा.

म्हणून माझी पद्धत अशी, तुलना कुठल्याही साईटवर करा पण पैसे भरायच्या पानापर्यंत जाऊन शेवटचा आकडा बघा, आणि फरक दोन-तीनशेचाच असेल तर थेट विमान कंपनीकडून काढा. आमच्या आईच्या तिकिटावर नाव चुकलं होतं, एका बुकिंग साईटवरून काढलेलं, साईट म्हणे कंपनीला विचारा, कंपनी म्हणे साईटला, पंधरा दिवस आईची झोप उडाली होती. डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या) नियमाप्रमाणे थेट कंपनीकडून काढलेल्या तिकिटावर पहिल्या चोवीस तासांत नाव दुरुस्त करायला पैसे नाहीत, आणि देशातल्या प्रवासाला सात दिवस बाकी असतील तर 2026 पासून पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत रद्दही विनादंड करता येतं. प्रवास केलाच नाही तरी सरकारी कर आणि विमानतळाची फी परत मिळते, अगदी नॉन-रिफंडेबल तिकिटावरही, पण मागावी लागते. विमान कंपनीनेच रद्द केलं तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे. हे वाडीत शंभरातल्या पाच जणांनाही माहीत नसेल असं मला वाटतं, आणि माहीत नसल्यामुळे ते मागत नाहीत.

सामानाचं राहिलं. देशातल्या साध्या तिकिटावर बहुतेक ठिकाणी पंधरा किलो आणि हातात सात किलो, छोट्या विमानाला त्याहून कमी असू शकतं. आंब्याची पेटी, कोकमं, आगळाच्या (कोकमाच्या रसाच्या) बाटल्या धरून वजन घरी करा, जास्तीचं वजन आधी ऑनलाइन घेतलं तर काउंटरपेक्षा स्वस्त. लोणचं आणि आगळ हातातल्या पिशवीत ठेवलंत तर सिक्युरिटीला काढून टाकायला लावू शकतात, तेवढं लक्षात ठेवा.

आपल्याकडे एक मागणी आहे. आपल्या पेपरात कोकण रेल्वेचं बदललेलं वेळापत्रक आपण छापता, पावसाळी वेळापत्रकाचं तर कात्रण आमच्या फ्रिजवर लावलेलं असतं. तसंच चिपी आणि मोप्याहून कुठल्या गावाला कुठल्या वारी विमान आहे याची छोटी चौकट वर्षातून दोनदा, मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर छापाल का? ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांनाही मुलाला फोन करून सांगता येईल की बाबा रे, गुरुवारचं चिपीचं बघ.

आपली,
एक वाचक, कुडाळ