रविवारची बैठक : यावेळी ऐतिहासिक कादंबऱ्या

वाचक मंडळी,

येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता वाचनालयाच्या ओट्यावर बसू. कापूस वेचणी सुरू आहे, ठाऊक आहे. वावरातून थेट आलात तरी चालेल.

अलीकडे वाचलेली एक ऐतिहासिक कादंबरी सोबत आणा. प्रत्येकाला ७ मिनिटं. आवडलेलं एक पान वाचून दाखवा आणि त्यात घडलेलं किती, रचलेलं किती, तेही सांगा. म्हणजे माधवराव पेशवे १७७२ साली थेऊरला वारले हा इतिहास; तिथले संवाद मात्र कादंबरीकाराचे.

शेवट सांगायचा नाही! मागल्या खेपेस शेवट फुटला आणि ते पुस्तक कोणीच घरी नेलं नाही. (पानिपतात कोण हरलं ते सगळ्यांना माहीत, ते सोडा.)

दरवेळी पेशवाईच येते. नागपूरकर भोसल्यांवरचं काही कोणाकडे असेल तर त्याला पहिली पाळी. भोसल्यांचा गाविलगड १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतला. किल्ला आपल्या मेळघाटातला, अन् आपल्यालाच त्याची गोष्ट ठाऊक नाही.

- नाव शुक्रवारपर्यंत ग्रंथपाल ताईंकडे द्या.
- अडकलेली पुस्तकं परत आणा. 'स्वामी'ची एकुलती प्रत कोणाकडे आहे? कव्हर निघालं असलं तरी आणा, रागावणार नाही.

चहा आहे. तुरीच्या शेंगा ज्यांच्या वावरात आहेत त्यांनी आणाव्या, उकडायला गंज ठेवतो.