मेलबर्नच्या उंच माणसांविषयी

मेलबर्न

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही विचारलंत की माझ्या मागच्या भिंतीवरच्या फोटोतला तो दाढीवाला ताडमाड माणूस कोण. फोनवर दोन वाक्यांत सांगून समाधान होईना, म्हणून लिहायला बसले. आईलाही वाचून दाखवा. तिला खेळाचं फारसं काही नाही हे मला माहीत आहे, पण यातला एक माणूस तिला आवडेल.

तो फोटोतला मॅक्स गॉन. उंची पावणेसात फुटांहून जास्त. २०२१ साली त्याच्या कप्तानीत मेलबर्न फुटबॉल क्लबने ५७ वर्षांनी अजिंक्यपद मिळवलं.

इथला फुटबॉल, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल, आपल्याकडच्यासारखा नाही. चेंडू लंबगोल, मैदान क्रिकेटचं, एकेका बाजूला अठरा जण, हात आणि पाय दोन्ही चालतात. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने मारला की सहा गुण. प्रत्येक गोलनंतर अंपायर मैदानाच्या मध्यभागी चेंडू हवेत उडवतो आणि दोन्ही संघांचा एकेक उंच गडी त्याच्यासाठी झेप घेतो. हा रकमन. चेंडू स्वतःकडे ठेवण्यासाठी तो सहसा उडी मारतच नाही. तळहाताने नेमका वळवून आपल्या चपळ गड्याच्या पुढ्यात टाकायचा, एवढंच त्याचं काम. बाबा, कारखान्याच्या मैदानावर व्हॉलीबॉलमध्ये तुम्ही दुसऱ्याला स्मॅश मारता यावा म्हणून बॉल उचलून द्यायचात, तसंच हे. टाळ्या स्मॅशला पडायच्या, पण तुम्ही नसलात की संघ कसा विस्कटायचा ते मी पाहिलंय.

स्टँडमध्ये माझ्या शेजारी एक आजोबा बसतात. लहानपणापासून याच क्लबचे. मध्यंतराला थर्मासमधला चहा निघाला की त्यांची आणि मागच्या रांगेतल्या मावशींची तीच चर्चा सुरू होते: आपला सगळ्यात मोठा रकमन कोण? आजोबांचं उत्तर ठरलेलं, ‘बिग बॉब’ जॉन्सन. १९५५ ते १९६० या काळात क्लबने पाच अजिंक्यपदं मिळवली आणि पाचही वेळा बॉब संघात होता. मावशींच्या घरात मात्र अजून कॉर्डनर भावांचं नाव निघतं. चार भाऊ, चौघेही मेलबर्नकडून खेळले. त्यातले डॉन पेशाने डॉक्टर. १९४६ साली त्यांना ब्राउनलो पदक, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचं पदक, मिळालं. हे पदक अंपायरांच्या मतांवर ठरतं, म्हणून त्याचा मान मोठा. पुढे १९८४ साली पीटर मूर या रकमननेही ते मेलबर्नला आणलं.

माझ्या वयाचे लोक जेफ व्हाइटचं नाव घेतात. उंचीत तो इतरांपेक्षा कमी, पण लांबून धावत येऊन अशी उडी घ्यायचा की समोरचा जमिनीवरच राहायचा. २००४ साली त्याची निवड ऑल-ऑस्ट्रेलियन संघात, म्हणजे सगळ्या क्लबांतल्या वर्षभरातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत, झाली. पुढच्याच वर्षी नियम बदलला. हवेत गुडघ्यावर गुडघा आदळून रकमनांचे लिगामेंट फाटत होते, म्हणून मध्यभागी दहा मीटरचं वर्तुळ आखलं आणि धाव त्याच्या आतूनच घ्यायची असं ठरलं. गुडघे वाचले हे चांगलंच झालं. पण व्हाइटची खरी ताकद त्या लांब धावेतच होती. त्याच्या वाट्याला हे फार लवकर आलं असं मला मनापासून वाटतं.

आणि आता जिम स्टाइन्स. आई, हा तुझ्यासाठी.

जिम आयर्लंडचा, डब्लिनचा. तिथे गेलिक फुटबॉल खेळायचा, त्यात चेंडू गोल असतो. मेलबर्न क्लब तेव्हा आयर्लंडमधून मुलं आणून त्यांना हा खेळ शिकवत होता, आणि १९८४ साली अठरा वर्षांचा जिम घर सोडून इथे आला. आईवडील डब्लिनलाच. इथल्या मुलांनी चालायला लागल्यापासून हातात धरलेला लंबगोल चेंडू त्याला पहिल्यापासून शिकावा लागला.

१९८७ साली तो मोठ्या संघात आला. त्याच वर्षी उपांत्य सामन्यात मेलबर्न हॉथॉर्नविरुद्ध चार गुणांनी पुढे होतं. अगदी शेवटी हॉथॉर्नचा बकेनारा फ्री किक घ्यायला उभा असताना जिम त्याच्यासमोरून पळत गेला. नियमाने बकेनाराला पंधरा मीटर पुढे आणलं. तेवढ्यात वेळ संपल्याचा भोंगाही वाजला होता. बकेनाराने गोल मारला आणि मेलबर्न दोन गुणांनी हरलं. १९६४ नंतर प्रथमच अंतिम सामना एवढा जवळ आला होता. एकवीस वर्षांचा मुलगा, परका देश, आणि अख्खं शहर त्याच्याकडे बोट दाखवतंय.

त्यानंतर तो जवळजवळ अकरा वर्षं थांबलाच नाही. सलग २४४ सामने, दुखापती घेऊनसुद्धा. हवेत चेंडू वळवण्यात त्याच्याहून तरबेज रकमन होते. पण तो खाली उतरला की दिवसभर पळायचा, एखाद्या बुटक्या चपळ गड्यासारखा. एवढा उंच माणूस असा पळू शकतो हे इथल्या लोकांनी फारसं पाहिलं नव्हतं. १९९१ साली ब्राउनलो पदक त्याला मिळालं. ऑस्ट्रेलियाबाहेर वाढलेल्या कुणालाही ते त्याआधी मिळालं नव्हतं.

१९९४ साली त्याने एका मित्राबरोबर ‘रीच’ ही संस्था काढली, वयात येणाऱ्या मुलामुलींना मनातलं बोलता यावं म्हणून. २००८ साली क्लब कर्जात बुडालेला असताना तो अध्यक्ष झाला. पुढच्याच वर्षी कर्करोग निघाला. उपचार चालू असतानाही त्याने काम सोडलं नाही आणि २०१० साली क्लब कर्जमुक्त झाला. मार्च २०१२ मध्ये तो गेला, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी. सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये शासकीय इतमामात अंत्यविधी झाला.

आजोबा बॉबचं नाव घेतात, मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पण माझा रकमन जिमच. आई, मी इथे आले तेव्हा तू रोज विचारायचीस, ‘तुला तिथे आपलं म्हणणारं कुणी आहे का?’ हे लोक जिमविषयी बोलतात तेव्हा तो दुसरीकडून आलेला होता हे सांगतात, आणि पुढच्याच वाक्यात ‘आमचा जिम’ म्हणतात. हे ऐकल्यावर मी या क्लबची सभासद झाले.

गॉनला क्लबने निवडलं ते २००९ साली, जिम अध्यक्ष असताना. त्याच्या अंगावर जिमचाच ११ नंबर असतो. २०२१ साली साखळीतल्या शेवटच्या सामन्यात भोंगा वाजल्यानंतर त्याने गोल मारून मेलबर्नला पहिल्या क्रमांकावर नेलं. नंतर उपांत्य सामन्यात पाच गोल. रकमन आणि पाच गोल, बाबा! कोविडमुळे अंतिम सामना पर्थला झाला. आपण १९ गुणांनी मागे होतो आणि शेवटी ७४ गुणांनी जिंकलो. गॉनच्या जोडीला मध्यभागी एकोणीस वर्षांचा ल्यूक जॅक्सन उड्या घेत होता. आम्ही सगळे घरात कोंडलेले. आजोबांनी फोन केला आणि बराच वेळ त्यांना बोलताच येईना.

तुम्ही जूनमध्ये याल तेव्हा दुसऱ्या सोमवारी एमसीजीवर कॉलिंगवूडशी सामना असतो. बाबा, बाहेर शेन वॉर्नचा पुतळा आहे, तो तुम्हाला बघायचाच आहे. जिमचाही तिथेच आहे. जागा छपराखालची आणि कमी पायऱ्यांची घेते, गुडघ्यांची काळजी नको. आई, थंडी चांगलीच असते, स्वेटर आणि शाल दोन्ही आण. विमानाच्या तारखा नक्की झाल्या की लगेच कळवा, म्हणजे आजोबांच्या शेजारच्याच खुर्च्या मिळतात का ते बघते.

तुमची लाडकी
मनू