मागच्या चेंबरबाबत चौथे पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समिती सदस्य,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, इंदिरानगर, नाशिक

विषय : गाळा क्र. 3 चे तेलकट सांडपाणी, मागील ड्रेनेज चेंबर व बी विंगच्या पायाशी मुरणारे पाणी

महोदय,
सप्रेम नमस्कार.

या विषयावरची आधीची तीन पत्रे संस्थेच्या आवक नोंदवहीत आहेत. दोन पत्रांची पोच मिळाली, उत्तर एकाचेही नाही. मागच्या सभेत "ड्रेनेजचं बघून घेऊ" एवढ्यावर विषय मिटवला गेला आणि उरलेला वेळ पार्किंगच्या पट्ट्या कोणत्या रंगाने मारायच्या यात गेला. म्हणून या वेळी सगळे तपशिलाने लिहितो आहे, म्हणजे प्रश्न नीट कळला नव्हता असे पुढे कोणाला म्हणता येणार नाही.

गाळा क्र. 3 मध्ये पूर्वी स्टेशनरीचे दुकान होते. आता तिथे वडे, भजी, मिसळ असा दिवसभर तळणीचा धंदा चालतो. धंद्याला माझा विरोध नाही, पोट प्रत्येकाला आहे. पण त्या गाळ्याला जोडणी दिली होती ती एका बेसिनपुरती. आज त्याच चार इंची पाइपातून कढया, झारे, परातींचे पाणी जाते. गरम पाण्यात साबणाबरोबर तेल वाहून जाते खरे, पण वीस-पंचवीस फूट पुढे पाणी निवले की ते वेगळे होऊन पाइपाला चिकटते. त्यावर बेसन, भाताची पेज, चहाचा चोथा बसतो. सिमेंटमधल्या चुन्याशी मिळून त्याचा साबणासारखा कडक थर होतो. मागचे चेंबर उघडल्यावर जे पिवळट-पांढरे ढेकूळ निघते ते हेच. ते "वरच्या मजल्यावरच्या बायका भांडी घासतात त्याचं" आहे असे गाळेधारक सांगतात आणि समिती ऐकून घेते, याचे वाईट वाटते. सोळा घरांच्या भांड्यांनी हे व्हायचे असते तर ते पहिल्या चेंबरपासून दिसले असते. पहिली दोन चेंबरे स्वच्छ आहेत. थर लागतो तो गाळ्याची लाइन जिथे येऊन मिळते त्या तिसऱ्या चेंबरपासून. झाकणे उघडून कोणीही पाहावे.

आजवर यावर जे उपाय झाले त्यांनी नुकसानच वाढले. तुंबले की कामट्या मारायच्या, म्हणजे थराला भोक पडते, पाणी उतरते आणि सगळे सुटकेचा नि:श्वास टाकतात. भोवतीचा थर जागच्या जागी राहतो आणि महिना-दीड महिन्यात पुन्हा तेच. दोनदा ॲसिड ओतले गेले. आपली मागची लाइन जुन्या चिनीमातीच्या सहा इंची पाइपांची आहे, सांधे सिमेंटचे. ॲसिड चरबीला फारसे काही करत नाही, सांधे मात्र खाते. सांधे उघडले की पाणी बाहेर मुरते आणि ओलीच्या मागे झाडाची मुळे आत शिरतात. कंपाउंडलगतच्या उंबराची मुळे चौथ्या चेंबरमध्ये दिसतातच. उंबर तोडण्याची सूचना मागच्या सभेत आली होती. परवानगीशिवाय झाडाला हात लावता येत नाही आणि दोष झाडाचा नाही, एवढे इथे नोंदवतो.

मुरलेले पाणी जाते कुठे? आपल्याकडची काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. बी विंगच्या जोत्याला ज्या आडव्या भेगा आहेत त्या याच बाजूला आहेत, रस्त्याच्या बाजूला एकही नाही. तळमजल्याच्या भिंतीला गुडघ्यापर्यंत लोणा धरला आहे, पोपडे सुटतात. मागच्या कोपऱ्यातल्या कॉलमचे प्लास्टर हाताने वाजवले तर पोकळ आवाज येतो आणि एका जागी गज उघडा पडला आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटते. त्यावर मागच्या दिवाळीआधी वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात मारण्यात आले आणि त्याचे बिल दुरुस्तीच्या खात्यात पडले. ही दुरुस्ती नव्हे. सुटलेले काँक्रीट काढायचे, गज तारेच्या ब्रशने घासून लखलखीत करायचा, गंजरोधक लेप द्यायचा, जुन्या-नव्या काँक्रीटला सांधणारा बॉन्डिंग कोट मारून पॉलिमर मॉर्टर (चिकट मसाला) भरायचे. आणि हे सगळे पाण्याची वाट बंद झाल्यावर, आधी नाही.

पावसाळ्यात भर पडते ती गच्चीची. गच्चीचे दोन पाइप याच ड्रेनेजमध्ये सोडलेले आहेत, जे मुळातच चूक आहे. तीन हजार चौरस फुटांच्या गच्चीवर तासाभरात 25 मिलिमीटर पाऊस झाला तर सुमारे 7000 लिटर पाणी खाली येते. मोकळ्या सहा इंची लाइनला हे जड नाही, पण थराने अर्ध्याहून जास्त बुजलेल्या लाइनला ते झेपत नाही. मग ते तळमजल्याच्या नहाणीतून वर येते आणि त्या घरातल्या आजींना पाटावर उभे राहून स्वयंपाक करावा लागतो.

"सिंहस्थाच्या कामांत रस्त्यावरची मुख्य लाइन बदलेल, मग आपोआप सुटेल," असे कोषाध्यक्षांनी मला जिन्यात सांगितले. 2027 च्या कुंभमेळ्याचा आपल्या तिसऱ्या चेंबरशी काहीही संबंध नाही. बिघाड कंपाउंडच्या आत आहे आणि आदर्श उपविधींनुसार (गृहनिर्माण संस्थांसाठीच्या नमुना नियमांनुसार) ड्रेनेज लाइनची, तसेच सामाईक पाइपांमुळे होणाऱ्या गळतीची दुरुस्ती संस्थेने संस्थेच्या खर्चाने करायची आहे. त्याच उपविधींत दुसऱ्या सभासदांना उपद्रव होईल असे काही करू नये आणि मोकळ्या जागा अडवू नयेत हेही आहे. गाळ्यामागच्या सामासिक अंतरात, म्हणजे इमारतीभोवती मोकळी सोडायच्या जागेत, पत्र्याची शेड टाकून चेंबरचे झाकणच शेडखाली घेतले आहे आणि शेजारी 19 किलोचे व्यावसायिक सिलिंडर उभे असतात. उद्या काही झाले तर बंबाचा पाइप आत न्यायला जागा नाही. माझ्या बाल्कनीच्या ग्रिलचा मुद्दा काढून हा विषय बाजूला सारू नये. त्या ग्रिलने कोणाचे चेंबर अडत नाही.

इमारतीला 30 वर्षे उलटली. उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांपर्यंत पाच वर्षांतून एकदा आणि त्यानंतर दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करून घ्यायची असते. आपली शेवटची तपासणी कधी झाली हे चिटणीसांना दोनदा विचारले, फाइल सापडली नाही. दुरुस्ती निधी दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान 0.75 टक्के आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची राखीव रक्कम) किमान 0.25 टक्के असायला हवा. आपण घेतो तो आकडा कशावरून ठरला हे सभेत कोणालाच सांगता आले नाही.

हे फक्त एका चेंबरचे गाऱ्हाणे आहे असे समजू नये. मागच्या बोळात घाण वास सुटला म्हणून त्या बाजूच्या खिडक्या बंद झाल्या. खिडक्या बंद म्हणून कोणाची नजर राहिली नाही आणि कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटवर राडारोडा पडू लागला. ज्या शहराने घंटागाडी रुजवली, त्या शहरात आपल्या गेटबाहेर गाडी गेल्यानंतर पिशव्या येऊन पडतात. बी विंगचे दोन फ्लॅट बंद आहेत, दोन मालक पाथर्डी फाट्याकडच्या नव्या टॉवरमध्ये गेले. जाताना दोघांनीही कारण हेच सांगितले. समितीत मात्र "परिसरच उतरला" असे म्हणतात, जणू परिसर म्हणजे दुसरे कोणीतरी.

पहिल्या मजल्यावरचे काका, शेजारच्या वहिनी, ए विंगचे निवृत्त ओव्हरसियर या सगळ्यांचे मत माझ्यासारखेच आहे. वडे तिथूनच येतात म्हणून काही जण सही करत नाहीत, एवढेच.

माझ्या अपेक्षा :

गाळेधारकांनी स्वखर्चाने, शेडच्या बाहेर, ग्रीस ट्रॅप, म्हणजे तेल अडवणारी टाकी, बांधावा. मिनिटाला दहा-अकरा लिटर पाणी आणि अर्धा तास थांबा धरला तर 3 फूट लांब, 2 फूट रुंद, 2 फूट पाण्याची खोली, म्हणजे सुमारे 340 लिटर पुरते. मध्ये आडभिंत हवी आणि बाहेर जाणारा टी-पाइप तेलाच्या थराखाली बुडालेला हवा. तो उघडा ठेवला तर तेल सरळ पुढे जाते आणि ट्रॅप नावाला उरतो. थर व गाळ मिळून खोलीच्या चौथ्या हिश्श्याला पोचले की उपसायचे आणि तारीख भिंतीवर लिहायची. वापरलेले तेल डब्यात साठवून जैवइंधनासाठी गोळा करणाऱ्यांना द्यावे.

तिसऱ्या चेंबरपासून पुढची लाइन जेटिंग मशीनने, म्हणजे पाण्याच्या जोरदार झोताने, धुवावी. चेंबरमध्ये माणूस उतरवू नये. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने ते चालत नाही आणि माणुसकीनेही नाही. त्यानंतर एकेक टप्पा खालच्या तोंडाला बूच मारून पाण्याने भरावा, पातळीची खूण करावी आणि तासाभराने पाहावे. जिथे पातळी उतरेल तेवढाच भाग बदलावा. नवा सहा इंची पाइप साठ फुटाला एक फूट उताराने टाकावा. गच्चीचे पाइप वेगळे काढून पावसाळी गटाराला जोडावेत.

शेड पंधरा दिवसांत निघावी.

हे पावसाळ्याआधी करायचे असेल तर मे अखेरपर्यंत लाइन तपासून झाली पाहिजे, कारण एकदा माती भिजली की खोदकाम करून उपयोग नाही. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर हे पत्र फोटोंसह मा. उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे जाईल. तशी वेळ यावी अशी माझी इच्छा नाही. आपल्याबद्दल व्यक्तिशः आदर आहे आणि तो राहील.

कळावे,

आपला,
सदनिका क्र. 7, बी विंग

सोबत : चेंबर क्र. 1 ते 5 चे फोटो, लाइनचा हाताने काढलेला नकाशा, आधीच्या तीन पत्रांच्या प्रती.
प्रत : सूचना फलकासाठी. मागची प्रत दुसऱ्या दिवशी काढली गेली होती; ही निदान महिनाभर राहू द्यावी.