शिकवलं की पळतात?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘आम्ही पोरांना शिकवायचं आणि त्यांनी चार पैशांसाठी शेजारच्या कंपनीत जायचं’ ही लघुउद्योजकांची तक्रार आपल्या अंकात वाचली. भोसरी एमआयडीसीतल्या मशीन शॉपमध्ये मी २७ वर्षं काढली, त्यातली शेवटची ११ फोरमन म्हणून. हे वाक्य रोज कानावर पडायचं.

आयटीआय करून आलेल्या मुलाला आपण सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनवर उभं करतो. जॉब (कापायचा धातूचा तुकडा) लाव, हिरवं बटण दाब, जॉब काढ. माप वीस मायक्रॉन (मिलिमीटरचा पन्नासावा भाग) सरकलं तरी त्याने हात लावायचा नाही, मशीन जुळवून देणाऱ्या सेटरला हाक मारायची. दोन वर्षं हेच केलेला मुलगा पाचशे रुपये जास्त मिळाले की जाणारच. त्याचं इथे अडकलंय काय?

एकाला मी सहाव्या महिन्यातच ऑफसेट, म्हणजे मापातली दुरुस्ती मशीनला द्यायला शिकवलं. तिसऱ्या दिवशी त्याने ०.०५ मिलिमीटरच्या जागी ०.५ टाकलं आणि जॉब बारीक होऊन थेट भंगारात गेला. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून झापलं, पोराने त्या दिवशी डबा उघडला नाही. पुढे तो नऊ वर्षं टिकला. सेटर झाला, नंतर प्रोग्रॅमही स्वतः लिहू लागला.

दुसऱ्याला मालकांनी पदरचे पैसे घालून टूलरूमच्या (साचे-हत्यारं बनवण्याच्या) कोर्सला पाठवलं (कौतुकाचीच गोष्ट). परत आला तर तेच मशीन, तोच हुद्दा, तोच पगार. चार महिन्यांत गेला. मालक म्हणाले, ‘बघा, शिकवलं की पळतात!’ पण पगाराच्या स्लिपवर त्या कोर्सचा एक रुपयाही दिसला नव्हता, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ पासून आहे. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. २०१६ पासून त्यांच्या विद्यावेतनाचा काही भाग केंद्र सरकार देतं. एवढं असूनही अनेक ठिकाणी त्यांच्याकडे स्वस्तातले हात म्हणूनच पाहिलं जातं. मुदत संपली की जुने बाहेर, नवी बॅच आत.

उद्योजकांची बाजू आपण छापलीत. आता आपल्या वार्ताहराने एकदा गेटवर उभं राहून विचारावं, गेल्या वर्षीच्या शिकाऊंपैकी कितीजण कायम झाले.

आपला,
एक निवृत्त फोरमन, भोसरी