सर, पाणी कुठे मुरत होतं ते सापडलं

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता. मागच्या खेपेला मी "सर, तुमच्यामुळे..." एवढं म्हणेपर्यंत तुम्ही माझ्या हातातला डबा उघडून एक स्लाइस तोंडात टाकला होता आणि "मीठ कमी आहे" असा शेरा देऊन मोकळे झाला होतात. म्हणून हे पत्र, आणि तेही उघडं. कंदमुळांच्या ब्रेडचे ओलेगच्च गोळे ओव्हनमधून काढून थेट कचऱ्यात टाकणारी मी एकटीच नसणार. त्यातल्या कोणी हे वाचलं तर बरंच होईल.

मधुमेहाचं निदान झालं तेव्हा गोड सोडायचं मला फारसं दुःख नव्हतं. दुःख होतं सकाळच्या खरपूस भाजलेल्या ब्रेडचं. बहुतेक धान्यांच्या १०० ग्रॅम पिठात कर्बोदकं ७० ते ८० ग्रॅमच्या घरात असतात. धान्य बदलून काही साधत नाही, हे लवकरच कळलं. मग बदामाचं पीठ आणलं. नुसत्या बदामाच्या पिठाचा ब्रेड म्हणजे न गोड केलेला केक, जड आणि तुपकट. कंदमुळं किसून घातली की तो हलका होतो, मऊ राहतो आणि एका लोफमध्ये बदामही कमी लागतात, असं वाचलं होतं. वाचायला फार सोपं होतं ते. मी ओळीने सहा लोफ बिघडवले. वरून सुंदर तपकिरी, आत ओला लगदा. ओव्हन वाढवला तर वरचा भाग करपला आणि लगदा तसाच. अंडी वाढवली तर लगद्याला अंड्याचा वास आला. सातवा लोफ पिशवीत घालून टाकायला निघाले होते आणि जिन्यात तुम्ही भेटलात.

तुम्ही आयुष्यात ब्रेड भाजलेला नाही, हे तुम्हीच त्या दिवशी सांगितलंत. तरी तो लोफ तुम्ही मागून घेतलात, मधोमध कापलात, एक तुकडा टिपकागदावर ठेवून अंगठ्याने दाबलात आणि कागद माझ्यासमोर धरलात. रुपयाएवढा ओला डाग पसरत पसरत तळहाताएवढा झाला. तुम्ही विचारलंत, "यातलं पाणी कुठून आलं, आणि जायला हवं होतं ते कुठे अडलं?" मी म्हणाले, सर, मी पाणी घातलेलंच नाही. तुम्ही शाळेत बघायचात तसं चष्म्यावरून बघितलंत. रसायनशास्त्रात शंभरपैकी ४१ मिळवणाऱ्या मुलीकडे बघायची तुमची ती खास नजर आहे, अजून तशीच.

दुसऱ्या दिवशी तुम्ही वजनकाटा घेऊन आलात. तो दिवस मला मिनिटामिनिटाने आठवतो. ४०० ग्रॅम सलगम सोलून किसला, अर्धा चमचा मीठ चोळून वीस मिनिटं ठेवला. मग मी तो पातळ कापडात बांधून हात दुखेपर्यंत पिळला. चोथा भरला २५० ग्रॅम, आणि वाडग्यात दीडशे ग्रॅमच्या आसपास गढूळ, तिखटसर वासाचं पाणी. मी खूश. तुम्ही नाही. "सलगमात पाणी किती टक्के?" तुम्ही विचारलंत आणि उत्तरही स्वतःच दिलंत, साधारण ९२. म्हणजे ४०० ग्रॅममध्ये ३६८ ग्रॅम पाणी. त्यातलं १५० निघालं. "२१८ अजून आतच आहे. ग्लासभर पाणी पिठात ओतून 'मी पाणी घातलंच नाही' म्हणतेस." इतकी वर्षं 'कुठेतरी पाणी मुरतंय' हा वाक्प्रचार मी वापरत आले, पण मुरलेलं पाणी काट्यावर मोजून कोणी दाखवलं नव्हतं.

ओव्हन वाढवून उपयोग का होत नाही, तेही त्याच बैठकीत कळलं. ओव्हन १७० अंशांवर असो की २२०वर, गाभ्यात मोकळं पाणी आहे तोवर तिथलं तापमान १००च्या वर सरकत नाही. वरचं कवच मात्र कोरडं होऊन पुढे पळत सुटतं, आणि बदामाच्या पिठात निम्मी चरबी असल्याने ते लवकर लाल होतं. म्हणजे बाहेरचा रंग बघून ब्रेड झाला की नाही हे ठरवणं, ही माझी सहाही वेळची चूक. गाभ्याचं तापमान मोजायला तुम्ही उत्साहाने प्रयोगशाळेतला जुना थर्मामीटर काढलात, पाऱ्याचा! आणि तो लोफजवळ नेता नेता स्वतःच दचकून पेटीत परत ठेवलात. तुमच्या पन्नास वर्षांच्या शिस्तीत मला दिसलेला हा एकमेव डाग आहे, त्यामुळे तो इथे जाहीर करणं मला भाग आहे. स्वयंपाकघरातला सळईचा थर्मामीटर मी नंतर आणला. मध्यभागी ९६ दाखवलं की बंद, त्याआधी नाही.

आता तुमची चूक. (आभाराच्या पत्रात चुका काढू नयेत, पण वही तुम्हीच ठेवायला लावलीत.) पाणीच गुन्हेगार आहे असं ठरवून तुम्ही आठव्या लोफच्या वेळी किस पिळून वर कढईत परतून अगदी कोरडा करायला सांगितलात. ब्रेड झाला, कापायला गेले आणि त्याचा भुगा झाला. तुम्ही तो भुगा चिमटीत धरून बराच वेळ गप्प होतात. मग म्हणालात, "इसबगोलाला प्यायला पाणी कुठे ठेवलं आपण?" गव्हाच्या पिठात ग्लूटेन या प्रथिनाची जाळी असते, ती वायू धरून ठेवते. इथे तसं काहीच नाही. इथे इसबगोल आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी शोषून लगदा बनवतो, आणि अंड्यांतली प्रथिनं तापली की घट्ट होऊन त्या लगद्याला आकार देतात. पाणी नसेल तर इसबगोल नुसता भुसा. म्हणजे ते २१८ ग्रॅम पाणी ठेवायचंच होतं, त्याला धरून ठेवणारं माणूस नेमायचं राहिलं होतं. मी इसबगोल चमच्याच्या टोकाने चिमूटभर घालत होते, कारण तो पोटासाठी असतो अशी माझी समजूत.

नवव्या लोफचा हिशोब वहीत आहे तसा इथे देते. पिळलेला सलगम २५० ग्रॅम, बदामाचं बारीक पीठ २००, अख्खा इसबगोल ३०, चार अंडी, एक मोठा चमचा व्हिनेगर, मीठ चवीपुरतं, आणि सगळ्यात शेवटी दोन लहान चमचे बेकिंग पावडर. पावडर घालण्याआधी मिश्रण दहा मिनिटं झाकून ठेवायचं. सुरुवातीला ओतता येईल असं असतं, दहा मिनिटांनी थापता येईल इतकं घट्ट. हा बदल डोळ्यांदेखत होतो. पावडर घातली की मात्र फोन घ्यायला जायचं नाही, सरळ टिनमध्ये आणि टिन ओव्हनमध्ये. १७० अंशांवर तासाभराहून थोडं जास्त, अर्ध्या वेळेनंतर वर फॉइल. टिनमध्ये ७०५ ग्रॅम गेलं होतं, बाहेर ६१८ आलं. ८७ ग्रॅम वाफ होऊन गेली. तुम्ही तो आकडा दोनदा अधोरेखित केलात.

आणि मग दोन तास थांबायचं. हे सगळ्यात अवघड, सर. गरम ब्रेडच्या वासाला सुरीने उत्तर द्यायची माझी जुनी खोड. पण गरम असताना इसबगोलाचा लगदा सैल असतो, निवला की आवळतो. गरम कापलेला स्लाइस कच्चा वाटतो आणि माणूस उगाच पाककृतीला शिव्या देतो. तुम्ही ते दोन तास माझ्या स्वयंपाकघरात बसून काढलेत, सुरी तुमच्याकडे ठेवून.

कंदमुळांचा तुम्ही केलेला तक्ता अजून फ्रिजवर आहे. मला सगळी कंदमुळं एकाच घरातली वाटायची. १०० ग्रॅममध्ये तंतू (फायबर, म्हणजे न पचणारा भाग) वजा करून उरलेली कर्बोदकं मुळ्यात जेमतेम २ ग्रॅम, सलगमात साडेचारच्या आसपास, गाजर आणि बीटमध्ये ७, रताळ्यात १७. मी पहिले तीन लोफ रताळ्याचे केले होते आणि त्यांना 'लो-कार्ब' म्हणत होते! सलगमाच्या अख्ख्या लोफमध्ये सगळं धरून ४० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं येतात, सोळा स्लाइस केले तर अडीच ग्रॅम प्रत्येकी. बाजारी गव्हाच्या ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये १४-१५ असतात. सलगमाइतकंच, म्हणजे ४०० ग्रॅम रताळं घातलं तर एकट्या रताळ्याचेच ६८ ग्रॅम होतात.

तंतू वजा करण्यावरूनही तुम्ही माझी एक चोरी पकडलीत. युरोपातून आलेल्या पाकिटावर कर्बोदकांचा आकडा तंतू वगळूनच छापतात, अमेरिकेतल्या पाकिटावर तंतू धरून. मी दोन्हीकडून तंतू वजा करत होते, म्हणजे एका पाकिटाबाबत दोनदा. कागदावर माझा ब्रेड जवळजवळ शून्यावर आला होता. असल्या शून्याचा आनंद किती खरा, ते माझ्या ग्लुकोमीटरने सांगितलं असतंच, पण तुम्ही आधी सांगितलंत.

एका गोष्टीसाठी मात्र विशेष आभार, आणि ती ब्रेडची नाही. सकाळचं सगळं धान्य बंद करतेय म्हटल्यावर तुमचा पहिला प्रश्न होता, "डॉक्टरांना विचारलंस?" मी नव्हतं विचारलं. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना कर्बोदकं एकदम कमी केली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डॉक्टरांनी खरंच माझी एक गोळी बदलली. तुम्ही त्या दिवशी टिपकागद बाजूला ठेवून आधी फोन करायला लावलात, हे मी विसरणार नाही.

बीटच्या लोफबद्दल लिहिलं नाही तर तुम्ही रागवाल. मला गुलाबी ब्रेड हवा होता. मिश्रण काय सुंदर दिसत होतं! ओव्हनमधून निघाला तो मळकट तपकिरी. मी रडवेली, आणि तुम्ही अक्षरशः टाळी वाजवलीत. बीटचा रंग आम्लात टिकतो, अल्कलीत पिवळट पडतो, उष्णतेने तर विरतोच, आणि मी त्यात सढळ हाताने खायचा सोडा घातला होता. सोडा वगळून व्हिनेगर वाढवल्यावर कडेला थोडी लाली राहिली, गाभ्यात नाही. मातीचा वास मात्र तसाच राहिला. तो जिओस्मिन नावाच्या संयुगाचा, पहिल्या पावसात मातीला येतो तोच, हे ऐकल्यापासून मला तो ब्रेड आवडायला लागला. घरातल्या बाकी कोणाला नाही.

मुळ्याचा लोफ भाजताना घरभर पसरणाऱ्या वासाबद्दल शेजाऱ्यांची माफी मी स्वतंत्रपणे मागितली आहे. त्या गंधकाच्या वासाचा ब्रेडच्या चवीशी काही संबंध राहत नाही, हे तुमचं म्हणणं त्यांना फक्त खाऊन पटलं. आणि तो जांभळट निघालेला लोफ, ज्याला मी बुरशी समजले होते, तो इसबगोलामुळे. काही इसबगोलाने असा रंग येतो. चवीला काडीचा फरक नव्हता.

आता लोफ झाला की मी निवल्यावर त्याचे स्लाइस करते, मध्ये कागद घालून फ्रीझरमध्ये ठेवते आणि सकाळी दोन काढून कोरड्या तव्यावर भाजते. कडा कुरकुरीत होतात, मध्ये थोडा ओलसर. त्या ओलसरपणाला मी आता घाबरत नाही, कारण तो किती ग्रॅमचा आहे ते मला माहीत असतं.

परवा सेलेरीचं कंद मिळालं. बाहेरून दगडासारखं, खडबडीत, सोलल्यावर पांढरं. त्यात सलगमाहून पाणी थोडं कमी आणि कर्बोदकं थोडी जास्त, म्हणजे हिशोब पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा वजनकाटा एवढ्यात परत मिळायचा नाही. दर रविवारी नेऊन द्यायचं ठरवते आणि दर रविवारी टिन भरते. यावेळी मीठ अर्धा चमचा जास्त घालीन.

तुमची विद्यार्थिनी,
रसायनशास्त्रात ४१